गर्गे आणि मंडलिक यांचं टेबल

मी टेबल बोलतोय. हळू बोलतोय, कारण मोठ्या आवाजाची मला अजून धास्ती आहे. नाशिकला कॉलेज रोडवर एका लहानशा ऑफिसात माझा मुक्काम असतो. येणारे-जाणारे माझ्यावर थाप मारून म्हणतात, काय भक्कम लाकूड आहे! त्यांना कोण सांगणार, की हे भक्कम लाकूड कायम घाबरलेलं असतं.

पेठच्या बाजूच्या जंगलात मी सागाचं झाड होतो. झाड असताना मला कशाचीच भीती वाटत नव्हती. भीती मला माझ्या मालकांनी दिली, आणि तीही मुद्दाम, विचार करून.

मालक दोन होते, ढुंढिराज गर्गे आणि बहिरू मंडलिक. ढुंढिराज रामकुंडावरच्या पुरोहितांच्या घरातले. यजमानांचे विधी करायचे सोडून हा मुलगा मुंबईला गेला आणि इमारतींचे नकाशे काढायला शिकून आला, म्हणून वडील त्यांच्याशी धड बोलत नसत. बहिरू मखमलाबादचे, घरची फुलशेती. पुण्याला ओव्हरसियरची परीक्षा देऊन ते बांधकामांवर देखरेख करत.

दोघांची गाठ पडली ती एका वाईट दिवशी. पंचवटीत एक धर्मशाळा बांधली जात होती. नकाशा ढुंढिराजांचा होता. दाराची कमान त्यांनी मोठी देखणी आणि रुंद काढली होती. देखरेखीला बहिरू. ते म्हणाले होते, कमान रुंद आहे, बाजूच्या भिंती बारीक आहेत, मला भीती वाटते. सगळे हसले. ढुंढिराजही हसले. कमानीखालचे टेकू काढले त्या सकाळी ती खाली बसली, आणि एक गवंडी तिच्याखाली गेला.

ढुंढिराज बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एकदा उठले आणि चालत मखमलाबादला गेले. बहिरू आपल्या आईबरोबर, नवसाबाईबरोबर, शेवंती तोडत होते. ढुंढिराज बांधावरच उभे राहिले आणि म्हणाले, "मंडलिक, माझ्याबरोबर भागीदारीत या. मी काढत जाईन. तुम्ही घाबरत जा."

नवसाबाईंनी म्हणे टोपली खाली ठेवून विचारलं, घाबराया का माणूस ठेवावं लागतंय?

मी तेव्हा जन्माला यायचा होतो. पण ही गोष्ट माझ्या अंगावर कोपरं टेकून इतक्यांदा सांगितली गेली, की मला वाटतं मीही त्या बांधावर होतो.

मग पुंजा सुतारानं मला घडवलं. दोघांना समोरासमोर बसता यावं म्हणून माझी एक बाजू उतरती केली आणि दुसरी सपाट. उतरत्या बाजूला ढुंढिराज कागद टाचून रेघा ओढायचे. सपाट बाजूला बहिरू बसायचे आणि भिंतीचं वजन, तुळईवरचा भार यांचे आकडे मांडायचे. कागद उतरत्या बाजूकडून सपाट बाजूकडे सरकायचा तेव्हा बहिरूंच्या तळव्यांना घाम सुटलेला मला कळायचा. पाऊस लागून राहिला तर काय होईल? लग्नाला माणसं दाटली तर? कुणी वरच्या मजल्यावर धान्याची पोती रचली तर? ढुंढिराज कधी चिडायचे, कधी पेन्सिल आपटायचे. पण बहिरूंची भीती फिटेपर्यंत एकही नकाशा त्या खोलीबाहेर गेला नाही. 'गर्गे आणि मंडलिक' ही पाटी अशी उभी राहिली. शाळा झाल्या, वखारी झाल्या, सायखेड्याला नदीकाठी एक दवाखाना झाला. पुढे मेनरोडच्या मागच्या गल्लीत त्यांनी स्वतःची इमारत बांधली. समोर दगडी खांब, खाली दुकानं, वर सागाच्या तुळयांवर एक मोठं दालन आणि आमचं ऑफिस. मला पहिल्या मजल्यावर मागच्या भिंतीला लावलं.

बहिरूंचा घाम इतकी वर्षं पिऊन भीती माझ्या लाकडात मुरली. दोघे गेले, त्यांची मुलं माझ्यापाशी बसली, तीही म्हातारी झाली. रीत तीच राहिली. एक काढणार, दुसरा घाबरणार.

तिसऱ्या पिढीचे देवव्रत आणि कुंदन. लहानपणी दोघे माझ्या पायांमध्ये घर-घर खेळले. मोठेपणी देवव्रत गर्गे उतरत्या बाजूला बसला आणि कुंदन मंडलिक सपाट बाजूला. देवव्रतचा हात आजोबांसारखाच होता. रेघ अशी यायची की बघत राहावं. पण त्याला थांबवलेलं खपत नसे. नव्वद साल उलटलं तेव्हा शहर गंगापूर रोडनं पळत सुटलं होतं. सगळ्यांना घाई होती. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, किती वर्षं टिकेल? आता विचारायचं, किती महिन्यांत होईल?

त्या काळात एका मंगल कार्यालयाचं काम आलं. देवव्रतनं सभागृहाला खांबांशिवाय लांबलचक सज्जा काढला. कुंदन उठला. तो म्हणाला, मधे एक खांब दे. गिऱ्हाईक समोर बसलेलं. देवव्रत त्याच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आमचे भागीदार जिना चढतानाही कठड्याला विचारून चढतात." गिऱ्हाईकही खो-खो हसलं.

कुंदननं आकड्यांची वही मिटली. चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेला. त्याच्या सासुरवाडीची मंडळी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं शीतगृह चालवत, तिथे तो कामाला लागला. सज्जा खांबांशिवाय झाला, आणि सांगायला हवं, तो आजही उभा आहे. त्याच्यावर माणसं उभी राहून अक्षता टाकतात. कुंदनची भीती त्या वेळी चुकीची ठरली. देवव्रतला तेवढंच पुरलं. पाटीवर दोन नावं राहिली, खोलीत एकच माणूस राहिला.

माझी सपाट बाजू रिकामी झाली. तिच्यावर रंगांच्या डब्यांचे नमुने आले, जुनी वर्तमानपत्रं आली, चहाचे कप आले. देवव्रत काढायचा आणि कागद थेट बाहेर जायचा. मला वाटायचं, आता या घरात घाबरणारा मी एकटाच. आणि माझी भीती कुणाला ऐकू येणार?

पुढे कुंदनची मुलगी दिशा स्थापत्याचं शिक्षण संपवून आली आणि बापाला न विचारता थेट आमच्या जिन्यात उभी राहिली. म्हणाली, काका, मला इथे शिकायचंय. देवव्रतला आनंद झाला. मूलबाळ नव्हतं त्याला. त्यानं सपाट बाजू स्वतः पुसून दिली. तिनं तळवे टेकवले आणि मी ओळखलं. घाम तोच होता.

मग दोन हजार तीन साल आलं, सिंहस्थाचं. आषाढापासून गावात माणसांचा लोंढा सुरू झाला. आमच्या इमारतीत खाली चंदरचं भांड्यांचं दुकान होतं. यात्रेकरू गंगाजलासाठी तांब्याचे गडू घेतात, आणि असा धंदा बारा वर्षांनी एकदा येतो. चंदर माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त दर्शनी बाजूला जागा हवी होती, आणि मधला दगडी खांब त्याच्या आड येत होता. त्यानं पुढे प्लायवूडचा पडदा लावला आणि आत खांब तासायला घेतला. पूर्ण नाही काढला. बारीक केला.

मला छिन्नीचे घाव पायांतून कळत होते. दुपारी रस्त्यावर लाउडस्पीकर चालू असत, तेव्हाच तो काम करून घ्यायचा, म्हणून माणसांना ते ऐकू गेले नाहीत. प्रत्येक घावाला माझे सांधे आवळून यायचे. माझ्या वर कौलांचं छप्पर आणि त्याच्या तुळया, खाली जमिनीच्या तुळया, त्यांच्याखाली तो खांब. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. लाकडाला फक्त कुरकुरता येतं. मी कुरकुरलो. देवव्रत म्हणाला, पावसाळ्यानं टेबल फुगलंय.

संततधार लागली होती. एका सकाळी ऑफिसचं दार घासायला लागलं. दुपारी भिंतीवर, तुळई शिरते तिथे, एक चीर दिसली. दिशानं तिच्यावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी बघत उभी राहिली. मग तिनं माझ्या सपाट बाजूवर एक गोल पेन्सिल ठेवली. पेन्सिल घरंगळत रस्त्याच्या बाजूला गेली आणि खाली पडली. नव्वद वर्षांत माझ्या त्या बाजूवरून कधी काही घरंगळलं नव्हतं.

ती खाली गेली. चंदरनं पडद्याआड बघू दिलं नाही. म्हणाला, फळ्या ठोकतोय ताई, दुसरं काय. ती वर आली आणि देवव्रतला म्हणाली, आजच्या आज इमारत रिकामी करायला हवी.

देवव्रतनं मान वर केली नाही. या इमारतीनं गोदेचे पूर पाहिलेत, असं काहीतरी म्हणाला. ती हटेना तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, "तुमच्या मंडलिकांच्या रक्तातच भित्रेपणा आहे."

दिशाचा चेहरा उतरला. पण ती शेजारच्या दालनात गेली. तिथे साळूबाई बायकांना शिवणकाम शिकवायच्या. एकलहऱ्याहून रोज बसनं यायच्या, नवऱ्यामागे दोन मुली त्यांनी मशीनवर वाढवल्या होत्या. दिशानं त्यांना सांगितलं, बाहेर पडा. साळूबाईंनी दोरा दातानं तोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरी, भाडेकरू काढाया मालक असंच सांगत्यात. इमारत पडती, इमारत पडती. आमी नाय जायाचो." खालचे दुकानदारही तेच म्हणाले. इमारत गर्गे-मंडलिकांची, आणि मंडलिकांची मुलगी सांगतेय बाहेर व्हा. कोण विश्वास ठेवणार?

मी ऐकत होतो आणि माझ्या वरच्या तुळया ऐकत होतो. तुळया तडतडायच्या आधी एक बारीक सुस्कारा टाकतात. तो मला ऐकू आला.

दिशा स्कूटीवरून भर पावसात पिंपळगावला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा तिच्यामागे कुंदन होता. बारा वर्षांनी तो त्या खोलीत आला. केस पिकलेले, अंगात शीतगृहातला जाड स्वेटर तसाच. दोघे भागीदार एकमेकांकडे बघेनात. कुंदननं चीर पाहिली, दार पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून फरशीला तळवा टेकला. उठताना त्यानं माझ्या कडेचा आधार घेतला. त्याचा तळवा ओला होता.

"देवू," तो म्हणाला, "त्या सज्ज्याच्या वेळी मी चुकलो. आजही चुकलो असेन, तर पोरीसमोर मला हसून घे. पण हसायला तरी खाली रस्त्यावर चल."

देवव्रत खुर्चीवरून उठला. मग त्यानं स्वतः पेन्सिल उचलली आणि सपाट बाजूवर ठेवली. आता ती घरंगळली नाही, धावली. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तो साळूबाईंच्या दालनाच्या दारात जाऊन उभा राहिला. खालचे दुकानदारही जिन्यात जमले होते. हा माणूस कुणापुढे वाकत नाही हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

"ही इमारत माझ्या आजोबांनी काढली," तो म्हणाला. "हिला काही होणार नाही, असं मी कालपर्यंत म्हणत होतो. आज मला भीती वाटते. मी तुम्हाला काढत नाही. मी तुमच्याबरोबर बाहेर येतोय. तुमची जागा तुमचीच राहील, हे मी सगळ्यांदेखत सांगतो. आता उठा."

कुणी वाद घातला नाही. असा माणूस घाबरलेला पाहिला की दुसऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. बायका शिवणाची कापडं उराशी धरून उतरल्या. चंदरनं प्लायवूडचा पडदा बाजूला ओढला. कुंदननं तासलेला खांब पाहिला आणि गल्लीची दोन्ही तोंडं बंद करायला धावला. दिशा यात्रेकरूंना मागे लोटत होती. सगळे माझ्या पायांखालून, जिन्यावरून, दारातून निघून गेले. मी एकटा राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचा फार राग आला.

मग जिन्यावर पावलं वाजली. साळूबाई परत आल्या होत्या, मशीन न्यायला. कुणाचं लक्ष नव्हतं. मशीन जड, पायाचं, लोखंडी. त्या ते ओढत ओढत आमच्या दारापर्यंत आल्या. एवढ्यात देवव्रत धापा टाकत वर आला. खाली उतरलेल्या बायकांत साळूबाई नाहीत हे त्याच्याच ध्यानात आलं होतं. तो म्हणाला, मशीन सोडा. त्या म्हणाल्या, ते सोडून मी काय खाऊ?

तेवढ्यात खांब बसला.

समोरची भिंत उभीच्या उभी रस्त्याच्या बाजूला सरकली आणि जिथे ती होती तिथे पावसाचं आभाळ दिसलं. जमीन पुढून खचत आली. देवव्रतनं साळूबाईंचा दंड धरला आणि त्यांना माझ्याखाली ढकललं, मग स्वतः शिरला, जिथे तो लहानपणी कुंदनबरोबर घर-घर खेळत असे. आणि छप्पर खाली आलं.

त्या क्षणाबद्दल मला फार बोलता येत नाही. कौलं, वासे, आणि सर्वांत शेवटी एक आख्खी तुळई माझ्या पाठीवर पडली. माझं लाकूड मधोमध उललं. एक पाय मोडला. उरलेले तीन भिंतीकडच्या शाबूत जमिनीवर होते. मी शूर वगैरे नव्हतो. मी भीतीनं ताठलो होतो, इतकंच. पुंजा सुताराला बहिरूंनी सांगितलं होतं म्हणे, दुप्पट जाड फळी घे, कुणी सांगावं.

खाली काळोख आणि धूळ. देवव्रत काहीतरी पुटपुटत होता. साळूबाईंचा आवाज आला, "सायेब, बोलू नका. धूळ जाईल तोंडात. नाकावर पदर धरा माजा." आणि मोठ्या घरचा तो म्हातारा माणूस त्यांच्या पदरात तोंड घालून पडून राहिला. वरून पाणी ठिबकत होतं. माझी चीर वाढत होती. प्रत्येक ठिबकीला मला वाटायचं, आता मी सुटणार.

अग्निशमन दलाचे लोक मागच्या खिडकीनं आले. त्यांच्या आधी खिडकीत कुंदनचा चेहरा दिसला. तो सारखा हाक मारत होता, देवू, देवू. आतून उत्तर आलं तेव्हा तो तिथेच गजांना धरून रडला. दोघांना बाहेर काढलं. साळूबाईंचा हात मोडला होता. दुसऱ्या कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. चंदर गल्लीच्या टोकाला डोकं धरून बसला होता. त्याचे सगळे गडू ढिगाऱ्याखाली गेले होते, आणि लोक त्याच्या अंगावर धावून जात होते. कुंदननं त्यांना अडवलं.

मला सगळ्यांत शेवटी काढलं, दोरानं बांधून खिडकीतून. कॉलेज रोडच्या या ऑफिसात आल्यावर नवा पाय बसला, पण मधली चीर तशीच आहे. माझ्यावर आता सरळ रेघ ओढता येत नाही. दिशा संगणकावर काढते. देवव्रत रोज येतो, पण आता तो सपाट बाजूला बसतो. तिनं काढलेला कागद त्याच्यापुढे येतो आणि तो भिंगातून बघत नाही-नाही त्या शंका काढतो. ती वैतागते. रविवारी कुंदन पिंपळगावहून द्राक्षं घेऊन आला की दोघे मिळून वैताग देतात.

गेल्या आठवड्यात जुन्या जागेवर नवी इमारत बांधायची परवानगी आली. भाडेकरूंना जागा परत द्यायची, हे देवव्रतनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, म्हणून त्यानं एकेकाला बोलावून विचारलं, तुम्हाला कुठली जागा हवी. चंदर येऊन खाली मान घालून बसला आणि म्हणाला, द्याल ती. त्याला कोपरा मिळाला.

साळूबाई काल आल्या. मोडलेला हात अजून पुरता वर जात नाही. दिशानं नकाशा माझ्यावर पसरला, कागद चिरेवर थोडा खचला. तिनं दालन दाखवलं, खिडक्या दाखवल्या, उजेड कुठून येईल ते दाखवलं आणि विचारलं, मावशी, तुमचं मशीन कुठे ठेवायचं? खिडकीशी छान उजेड असतो.

साळूबाईंनी नकाशावर बोट फिरवलं. खिडकीवरून पुढे नेलं, भिंतीवरून पुढे नेलं, आणि एका जागी घट्ट दाबून ठेवलं.

"हितं," त्या म्हणाल्या. "दारापाशी."

कुणी हसलं नाही. देवव्रतनं मान हलवली आणि तिथे खूण केली.

त्या नव्या इमारतीत हे ऑफिसही जाणार आहे, असं मी ऐकतो. वर किती मजले असतील देव जाणे. मला न्याल तेव्हा एवढंच ऐका, बाबांनो. मला मागच्या भिंतीला लावू नका. मलाही दारापाशीच ठेवा.